छाया आणि भुंगा

दिगंबर बोबडे मेथी आणायला गेले आणि शेपू घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाले, "काय ताजी भाजी मिळाली पाहा!"

हेमलतानं पिशवीत डोकावून पाहिलं. आपल्याला शेपू आवडत नाही हे या माणसाला लग्नापासून ठाऊक आहे. ती गर्रकन वळली आणि तोंड भरून म्हणाली, "डोकं मंडईत विसरून आलात काय?"

म्हणजे ओठ हलले, जीभ हलली. आवाज आला तो अर्ध्या श्वासानंतर, तिच्या गळ्यातल्या पट्ट्यातून. मधाळ, स्वच्छ, घंटेसारखा.

"आज मेथी मिळाली नाही वाटतं?"

"होती नं. पण जून होती," दिगंबर खुशीत म्हणाले. "आणि तुला आता शेपूचा वास कुठं येते?" आणि पेपर घेऊन अंगणात गेलेसुद्धा.

हेमलता शेपूची जुडी हातात घेऊन उभी राहिली. ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. या वर्षात तिचं आणि नवऱ्याचं एकदाही भांडण झालं नव्हतं. शेजारच्या देशमुखबाई म्हणायच्या, "किती गोडीनं राहता हो तुम्ही दोघं!" ते ऐकून हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि पट्टा म्हणायचा, "आपली कृपा."

यवतमाळच्या रेडिओवर तिनं उभं आयुष्य निवेदन केलं होतं. बाजारभाव, हवामान, संध्याकाळची भावगीतं. लग्नानंतर तिचं आडनाव बोबडे झालं तेव्हा सगळं केंद्र पोट धरून हसलं होतं, कारण जिल्ह्यात तिच्याइतकी स्वच्छ वाणी दुसऱ्या कुणाची नव्हती. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती मानेच्या पुढच्या बाजूला केलेल्या छिद्रातून श्वास घ्यायची. हवा नाकातोंडातून जातच नसल्यामुळे आवाज गेला, आणि त्याच्या मागोमाग वासही.

अशा माणसांसाठी एका कंपनीनं 'छाया' काढली होती. हनुवटीखाली बसणारा पट्टा. बोलताना जीभ आणि जबडा हलवणाऱ्या स्नायूंमध्ये अगदी बारीक वीज खेळते. ती वीज पट्टा टिपायचा, त्यावरून शब्द ओळखायचा आणि जो नीट कळला नाही तो अंदाजानं भरायचा. इथं हे वाक्य बहुधा कसं संपेल, ही बाई बहुधा काय म्हणेल. मग ते वाक्य माणसाच्या जुन्या आवाजात म्हणायचा. बहुतेक रुग्णांचा जुना आवाज म्हणजे लग्नाच्या व्हिडिओतली दोन-चार वाक्यं. हेमलताचं मात्र कपाटंच्या कपाटं भरून ध्वनिमुद्रण होतं. कंपनीची माणसं हरखून गेली. एवढी सुंदर छाया आम्ही आजवर केली नाही, म्हणाली.

दिगंबरच्या डोळ्यांत तर पाणीच आलं होतं. ते पांढरकवड्याला चित्रकलेचे शिक्षक असताना एका खोलीत एकटे राहायचे आणि संध्याकाळी रेडिओ लावायचे. त्या आवाजाला त्यांनी आधी पोस्टकार्डं पाठवली, मग स्वतः आले, मग मागणी घातली. आणि आता तोच आवाज, ऐन पंचविशीतला, त्यांना रोज विचारत होता, "चहा घेणार ना?"

हेमलताला मात्र घरात सवत आणल्यासारखं वाटायचं. सवतीशी भांडता तरी येतं. इथं ती भांडायला तोंड उघडायची आणि सवतच गोड बोलून मोकळी व्हायची.

*

नगर वाचनालयाच्या फळ्यावर तिनं ती सूचना वाचली. 'स्वस्तातला सिंथेसायझर उघडा आणि सुधारा. इलेक्ट्रॉनिक्स शून्यापासून. वयाची अट नाही.' आवाज जाऊन वर्ष झालेली बाई अशा वर्गाला का गेली, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. बहुधा एवढंच, की तिथं हातांनी काम करायचं होतं, बोलायचं नव्हतं. वर्गात शिरताना तिनं पट्टा काढून पर्समध्ये टाकला.

शिकवणारी निखत शेख तिशीची होती, हसरी, बोटांवर सोल्डरचे जुने चटके. तिनं प्रत्येकापुढे एकेक भुंगा ठेवला. भुंगा म्हणजे जत्रेत मुलांना घेऊन देतात तो हातभर लांबीचा बाजा. आत कॉम्प्युटर नाही, चिप म्हणावी अशी एकच, वर तीन गोल खुंट्या.

"याच्यात एक बारकी टाकी आहे असं समजा," निखत म्हणाली. "तिला कपॅसिटर म्हणतात. टाकी विजेनं भरते, भरली की रिकामी होते, पुन्हा भरते. सेकंदाला शंभर वेळा झालं तर खर्जातला सूर, हजार वेळा झालं तर किंचाळी. वीज जास्त सोडली तर टाकी लवकर भरते आणि सूर चढतो. कमी सोडली तर उतरतो. बस्स, एवढंच. याला काही कळत नाही, काही आठवत नाही. जितकं द्याल तितकं वाजेल."

हेमलतानं पाटीवर लिहून विचारलं, "चुकीचं दिलं तर?"

"तर चुकीचं वाजेल, काकू. दुरुस्त करायला त्याला अक्कल कुठंय?"

हेमलताला ते यंत्र त्याच क्षणी आवडलं.

पहिली सुधारणा म्हणजे टाकी बदलणं. भुंग्याचा सूर लहान मुलांसाठी म्हणून फार वरचा होता. जुना कपॅसिटर काढून तिथं मोठा बसवला की सूर खाली येतो. पहिल्या दिवशी हेमलतानं सोल्डरिंग गन उलटी धरली, दुसऱ्या दिवशी टेबलाचा रेक्झिन जाळला. पण तिसऱ्या खेपेला शिशाचा थेंब चमकून बसला आणि तिचा भुंगा किंचाळायचं सोडून घुमायला लागला.

शेजारीच वाचनालयाची अभ्यासिका होती, म्हणून निखतनं एक युक्ती केली होती. प्रत्येक भुंग्याच्या स्पीकरवर फनेल चिकटवून त्याला प्लास्टिकची बारीक नळी जोडली होती. ती डॉक्टरांसारखी कानाला लावून ऐकायचं, बाहेर आवाज करायचा नाही. एका संध्याकाळी हेमलताच्या एका हातात गन होती, दुसऱ्यात चिमटा, आणि नळी सारखी मधे येत होती. तिनं नळीचं टोक दातांत धरलं. तेवढ्यात चिमट्यातली तार निसटली आणि सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

आणि ते निघालं. खरोखर निघालं. घोगरं, घुमणारं, भिंगरीसारखं, पण स्पष्ट. "अगं बाई!"

सगळा वर्ग वळला. निखतच्या हातातून डबी पडली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "पुन्हा म्हणा."

हेमलतानं नळी नीट गालाच्या कोपऱ्यात धरली. भुंगा तोंडात घुमत होता. स्वरयंत्र जे करायचं, ते हे करत होतं, नुसता सूर पुरवत होतं. त्याचा शब्द करायला जीभ, टाळू, दात, ओठ सगळं तिचं तिच्याजवळच होतं. डॉक्टरांनी त्यातलं काहीच काढलं नव्हतं.

"अ...गं... बा...ई," ती म्हणाली, आणि मग खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. रडण्याला आवाज नव्हता, पण नळी अजून दातांत होती, त्यामुळे भुंगाही थोडा रडला.

*

पुढचे दीड-दोन महिने त्या दोघींनी नुसतं ते वेडच घेतलं.

अडचण अशी होती, की भुंगा एकाच सुरात बोलायचा. "आलात?" आणि "आलात!" यांत फरकच राहायचा नाही. सूर चढवायला खुंटी फिरवावी लागे, आणि बोलता बोलता खुंटी फिरवणं म्हणजे पोळी लाटताना सुईत दोरा ओवणं.

उपाय निखतला सुचला. गाताना, ओरडताना, प्रश्न विचारताना माणूस गळ्याचे स्नायू ताणतो. हेमलताचं स्वरयंत्र गेलं होतं, पण त्याला वर-खाली ओढणाऱ्या स्नायूंपैकी काही शाबूत होते. ज्याला ओढायचं ते जागेवर नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "ते अजून रोज कामावर येतात, काकू," निखत म्हणाली. व्यायामाच्या एका जुन्या पट्ट्यातल्या, स्नायूंची वीज मोजणाऱ्या दोन चकत्या तिनं काढल्या. हेमलतानं भुंग्याच्या कुशीला भोक पाडलं, तिथं चकत्यांची तार खुपसायचा जॅक बसवला आणि आतली तार नेमकी टाकीच्या नळावर नेऊन जोडली. चकत्या मानेवर. गळा ताणला की वीज वाढणार, वीज वाढली की सूर चढणार. सगळं बॅटरीवर. "भिंतीतला करंट गळ्याजवळ आणायचा नाही, देवानं सांगितलं तरी नाही," ही निखतची सक्त ताकीद.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा आवंढा गिळला तरी भुंगा कुई करायचा. हळूहळू गळा आणि भुंगा एकमेकांना ओळखायला लागले.

एक गोष्ट मात्र कधीच जमली नाही. तोंडातून हवा जात नसल्यामुळे 'ह' निघत नव्हता. 'हो'चं 'ओ' व्हायचं, 'घर'चं 'गर'. स्वतःचं नाव 'एमलता.' त्यावर ती निखतला म्हणाली, "आता काय, आडनाव शोबतं मला." आणि निखत इतकी हसली की अभ्यासिकेतून कुणीतरी दार ठोठावलं.

घरी मात्र हे कौतुक कुणाला नव्हतं. एका सकाळी तिनं नळी तोंडात धरून, चकत्या लावून, दिगंबरसमोर उभं राहून म्हटलं, "अओ. मी बोलतेय."

दिगंबरचा चेहरा पडला. त्यांनी त्या पिवळ्या खेळण्याकडे बोट केलं.

"हेमे, हे... हे कशापायी? तुझा इतका चांगला आवाज आहे."

"तो माजा नाई."

"तुझाच तर आहे! मी ओळखतो नं तो. माझ्याइतका कोण ओळखते?" त्यांनी पट्टा तिच्यापुढे धरला. "एकदा गेला होता, परत आला. आता तूच त्याला घालवून राहिलीस."

हेमलतानं नळी तोंडातून काढली. या माणसाच्या प्रेमात खोट नव्हती. तिनं भुंगा कपाटावर ठेवला आणि पट्टा घातला. संध्याकाळी छायानं दिगंबरना पेपर वाचून दाखवला आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.

*

त्यांची मुलगी शलाका नाशिकला नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचा मुहूर्त होता. मुलगा तिनंच पसंत केलेला, त्यामुळे घरात आनंदीआनंद. हेमलतानं साड्यांबद्दल, हॉलबद्दल, आचाऱ्याबद्दल छायातर्फे तिच्याशी कितीतरी वेळा बोलून घेतलं होतं.

त्या रविवारी सकाळी शलाकाचा फोन आला. दिगंबर शेजारीच बसले होते.

"आई, पत्रिकेचा मजकूर पाठवला आहे. बघून घे." आवाज वाळक्या पानासारखा.

हेमलता चपापली. "काय झालं गं?" तिनं विचारलं. छायाही "काय झालं गं?" असंच म्हणाली, पण हवामान सांगितल्यासारखं.

"काही नाही. तू म्हणालीस तसं, लग्नाआधी असं वाटतंच सगळ्यांना. मी आता विचार करणं सोडून दिलंय."

"मी कधी म्हटलं?"

"बुधवारी नाही का? मी इतकी रडत होते, आणि तू म्हणालीस, अगं, लग्नाआधी असं वाटतंच, सगळं छान होईल, साड्यांचं मी बघते." शलाका थांबली. "मला वाटलं होतं, तू म्हणशील ये निघून."

बुधवारी हेमलता फोनजवळ नव्हतीच. ती वर्गात होती, भुंग्याचा सूर जुळवत. तिनं दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर पांढरेफटक पडले होते.

"मी ते... तुला बोलून थकवा येते म्हणून," ते पुटपुटले, "कंपनीनं सोय दिली होती. तू नसलीस तर छायानं फोन घ्यायचा. तिला तुझं सगळं बोलणं माहीत आहे, म्हणाले. मला वाटलं..."

हेमलता फोनकडे वळली आणि जीव तोडून म्हणाली, "मी म्हटलंच नव्हतं ते!"

अर्धा श्वास गेला.

"मी म्हटलंच होतं ना ते," पट्टा मधाळपणे म्हणाला.

"हो, आई," शलाका म्हणाली. "बरं, ठेवते."

हेमलतानं पट्टा ओरबाडून काढला, हातानंच दिगंबरना खूण केली, फोन ठेवू देऊ नका! दिगंबर फोनवर झुकून ओरडले, "शलाका, थांब! ठेवू नको! आई बोलून राहिली!" तोवर हेमलता खुर्चीवर चढली होती. कपाटावरून भुंगा काढला, चकत्या मानेवर थापल्या, त्यातली एक तिरकी बसली, नळी गालात कोंबली.

"शलाका!"

फोनमधून आलं, "कोण बोलतंय? बाबा, हे काय आहे?"

"आई बोलतेय! तुजी आई!" भुंगा गरगरत होता, सूर कुठल्या कुठं चढत होता. "ती बया मी नवते! मी गरीच नवते!"

"मला काही कळत नाही. हे कुठलं मशीन आहे?"

"मशीन गेलं चुलीत! लग्न नको तर नको करू! पत्रिका पाड! आत्ताच्या आत्ता बॅग बर आणि गरी ये. नाईतर मी येते आणि कान दरून आणते. कळ्ळं का, बोकडे?"

बोकडी हे नाव शलाकाला ती पाच वर्षांची असताना मिळालं होतं, उड्या मारून दिवाणाची फळी मोडली तेव्हा. आईशिवाय ते कुणी वापरत नव्हतं, आणि आई चिडली तरच वापरायची. छायाच्या कपाटभर ध्वनिमुद्रणात ते कुठंच नव्हतं.

पलीकडून आधी एक हुंदका आला. मग शलाका मोठ्यानं रडायला लागली, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. "आई गं," ती म्हणत होती, "आई, तूच आहेस. तूच आहेस ना?"

"मीच आए," भुंगा म्हणाला. "मीच."

*

शलाका दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिनं सांगितलं ते फार नाटकी नव्हतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या शेजारी बसलं की तिला स्वतःचं बोलणं मोजून करावं लागायचं, आणि तसं आयुष्यभर करायचं या विचारानं तिची झोप उडाली होती. हेमलतानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच म्हणाली, "पुरे एवडं कारण." हॉलवाल्याला आणि मुलाच्या घरी फोन दिगंबरनी केले. मुलाच्या वडिलांनी बरंच सुनावलं, ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

मग ते पट्टा हातात घेऊन व्हरांड्यात येऊन बसले. बराच वेळ तो उलटसुलट करत राहिले.

"हेमे, एक गोष्ट काल माझ्या ध्यानात आली," ते म्हणाले. "तुझं ते सगळं ध्वनिमुद्रण. त्याच्यात तुझं स्वतःचं एक वाक्य नाही. सगळं दुसऱ्यानं लिहिलेलं, तू वाचलेलं. मी ज्या आवाजापायी पोस्टकार्डं पाठवत होतो, ते बाजारभाव होते." ते कसनुसे हसले. "सोय बंद केली आहे मी फोनची. पट्टाही कंपनीला परत देऊन टाकू."

हेमलता त्यांच्या शेजारी येऊन बसली. पंचविशीतल्या त्या आवाजासाठी या माणसानं पांढरकवड्याच्या एका खोलीत किती संध्याकाळी काढल्या असतील, हे तिला ठाऊक होतं. आणि आता ते तो आवाज पुन्हा एकदा जाऊ द्यायला निघाले होते, या खेपेला स्वतःच्या हातानं.

तिनं नळी तोंडात धरली. "नका परत देऊ. पेपर वाचू द्या तिला. वाचायला चांगली आए ती." मग बोट उगारून म्हणाली, "बोलायचं मी."

दिगंबरनी मान हलवली. शलाका आतून चहा घेऊन आली आणि पायरीवर टेकली. तिचे डोळे अजून सुजलेले होते.

दिगंबरनी घसा खाकरला. "शलाका, मला तुला काही सांगायचं आहे," ते म्हणाले आणि अडले. शाळेत शेकडो पोरांसमोर बोलणारा माणूस, पण शब्द निघेना. त्यांनी हेमलताकडे पाहिलं, मग भुंग्याकडे. आणि काय मनात आलं कोण जाणे, हात पुढे करून त्यांनी तिच्या तोंडातली नळी अलगद काढली, धोतराच्या सोग्याला पुसावी तशी सदऱ्याला पुसली आणि स्वतःच्या गालात धरली. श्वास रोखला. चकत्या हेमलताच्याच मानेवर होत्या.

तिला कळलं. तिनं गळा हलकेच ताणला.

"शलाका," दिगंबरचे ओठ हलले, आणि हेमलताच्या गळ्यानं सूर दिला. "चुकलो मी. माफ..."

तो सूर त्यांच्या गंभीर, मिशाळ चेहऱ्यातून असा काही बाहेर पडत होता की शलाकानं पदर नसताना ओढणी तोंडात कोंबली. हेमलतानं ते पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले, पण हसू गळ्यात आलंच. गळ्याचे स्नायू उडायला लागले, आणि दिगंबरच्या तोंडातली माफी एकदम वरच्या पट्टीत चढली, खाली आपटली, पुन्हा चढली. "मा-आ-आ-फ क-अ-अ-र!"

"अवं, थांब नं!" दिगंबर नळी न काढताच म्हणाले, आणि तेही त्याच सुरात, कोंबडा आरवावा तसं निघालं.

मग कुणालाच थांबता आलं नाही. शलाका पायरीवर आडवी झाली. चहा सांडला. देशमुखबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, काय झालं विचारायला लागल्या, आणि उत्तर द्यायला कुणाकडे श्वासच नव्हता. हेमलता पोट धरून, डोळे गच्च मिटून हसत होती, आणि नवऱ्याच्या तोंडातून तिचं हसू अख्ख्या गल्लीला ऐकू जात होतं.